बाटलीतली निलगिरी आणि बांधावरची निलगिरी

आषाढात खानापूर तालुक्यात एकदा पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप म्हणून मिळत नाही. जांबोटी, कणकुंबीकडे तर विचारूच नका. चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवायचे, कौलांतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली भांडी मांडायची, आणि घरात कुणाचं ना कुणाचं नाक चोंदलेलं असायचंच. तिन्हीसांजेला मोठ्या पातेल्यात पाणी उकळतं, डोक्यावरून चादर घेऊन वाफारा घेतला जातो आणि त्या पाण्यात पडतात निलगिरीचे दोन थेंब. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही घरात जा, मराठी घर असो की कानडी, त्या छोट्या बाटलीला दोघंही निलगिरीच म्हणतात.

अशाच एका संध्याकाळी आमच्याकडची बाटली रिकामी निघाली. आजी म्हणाली, "अगे, बांधावर झाडं हाईत की रांगेनं. मूठभर पानं आण जा."

मी पानं आणली, धुतली, उकळत्या पाण्यात टाकली. वाफ आली, वासही आला. पण बाटलीतला वास तो नव्हता. नाकातून थेट कपाळापर्यंत जाणारी ती कापरासारखी गार झुळूक त्यात नव्हती. कच्चा, उग्र, रंगकामाच्या टर्पेंटाइनची आठवण करून देणारा वास होता. आजीने चादरीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "ही ती निलगिरी नव्हं."

आजीचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. आपण ज्याला निलगिरी म्हणतो ते एक झाड नाही. निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांच्या पानांतली तेलं एकमेकांपासून इतकी वेगळी असतात की एकीचं तेल छातीला चोळायला वापरतात, तर दुसरीचं डास पळवायला. अरोमाथेरपी म्हणजे सुगंधोपचार. त्यात निलगिरीचं तेल वापरायचं तर बाटलीत कुठल्या झाडाचं तेल आहे, हा पहिला प्रश्न. तोच आपण सहसा विचारत नाही.

आधी पान नीट बघू. ऊन पडलं की निलगिरीचं एक जून पान तोडा आणि सूर्याच्या दिशेने धरा. पानभर सुईच्या टोकाएवढे उजळ ठिपके दिसतील, जणू कुणी बारीक सुईने पान टोचून काढलंय. त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि वास सुटतो. मग परसातल्या पेरूचं पान तसंच धरा, त्यानंतर जांभळाचं. तिथंही ठिपके सापडतील. निलगिरी, पेरू, जांभूळ आणि लवंग ही सगळी एकाच कुळातली झाडं. म्हणजे ऑस्ट्रेलियातून आलेला हा पाहुणा आपल्या खानापूरच्या रानातल्या जांभळाचा भाऊबंदच निघतो.

झाड हे तेल आपल्या सर्दीसाठी करत नाही. पान खायला येणाऱ्या किड्यांना आणि जनावरांना दूर ठेवणं हे त्याचं काम. आपल्याकडचे शेतकरी सांगतात ना, बाकी काहीही लावा, शेळ्या शेंडा ठेवत नाहीत. निलगिरीला मात्र तोंड लावत नाहीत. पानातलं तेल हेच त्याचं कारण. तेव्हा हे तेल मुळात एक सौम्य विष आहे, झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

'तेल' या शब्दानेही थोडा घोटाळा होतो. शेंगतेलाचा एक थेंब आणि निलगिरीचा एक थेंब वहीच्या कागदावर शेजारी शेजारी टाका आणि घटकाभराने बघा. शेंगतेलाचा डाग तेलकट, पारदर्शक होऊन तसाच राहिलेला असेल. निलगिरीचा थेंब उडून गेलेला असेल, कागद जवळपास कोरा. शेंगतेल, खोबरेल ही बियांतली स्थिर तेलं, झाडाने पिलासाठी बांधून दिलेली शिदोरी. निलगिरीचं तेल हे उडून जाणारं, बाष्पनशील तेल. ते नुसत्या हवेत उडतं म्हणूनच त्याचा वास येतो. जे उडत नाही त्याला वास नाही. (बाटली विकत आणली की हीच कागदाची चाचणी करून बघावी. तेलकट डाग राहिला तर त्यात स्वस्त खाद्यतेल मिसळलंय. टर्पेंटाइन मिसळलं असेल तर मात्र ही चाचणी ते पकडू शकत नाही, कारण तेही उडून जातं.)

हे झाड आपल्याकडे आलं कसं

१७७७ मध्ये कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतली जहाजं टास्मानियाजवळच्या ब्रुनी बेटाला लागली होती. तिथून नेलेला एका झाडाचा नमुना लंडनला पोचला आणि १७८८ मध्ये लेरिटिये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला 'युकॅलिप्टस' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'नीट झाकलेलं'. या झाडाची कळी टोपी घालून येते. फूल उमलताना ती टोपी गळून पडते आणि आतले पुंकेसर बाहेर पसरतात. आपल्या बांधावरच्या झाडाखाली त्या छोट्या टोप्यांचा सडा पडलेला असतो, खाली वाकून बघितलं तर सापडतील.

त्याच १७८८ साली इंग्रज कैद्यांची पहिली जहाजं सिडनीला उतरली. त्यांच्यासोबतचा शल्यवैद्य जॉन व्हाइट याने तिथल्या एका निलगिरीच्या पानांतून तेल काढून इंग्लंडला पाठवलं. त्याला पेपरमिंटसारखा वास येत होता आणि पोटदुखीवर ते चालेल अशी आशा होती. अर्थात तिथले मूळ रहिवासी त्याच्या कितीतरी आधीपासून ही पानं धुरीला, तापाला आणि जखमांना वापरत होते. इंग्रजांनी त्या ज्ञानाला बाटली आणि चिठ्ठी लावली, इतकंच. मोठ्या प्रमाणावर तेल काढायचा धंदा सुरू केला तो मेलबर्नजवळच्या जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने, १८५२ च्या सुमारास, फर्डिनांड फॉन म्युलर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून.

भारतात हे झाड दोन वाटांनी आलं आणि आजीच्या वाफाऱ्याचं उत्तर या दोन वाटांत आहे. पहिली वाट नंदी हिल्सची. १७९० च्या सुमारास, टिपू सुलतानाच्या काळात, तिथल्या बागेत निलगिरीच्या वेगवेगळ्या जाती लावल्या गेल्या. शेजारी शेजारी वाढलेल्या त्या झाडांचा आपसात संकर झाला आणि त्यातून कमी पावसात, हलक्या जमिनीतही तरारून वाढणारा एक वाण तयार झाला. त्याला 'म्हैसूर गम' म्हणतात. दुसरी वाट उटीची. १८४३ मध्ये मद्रास इंजिनिअर्सच्या कॅप्टन कॉटनने तिथे निलगिरी लावली. पुढे त्या थंड डोंगरांत 'ग्लोब्युलस' ही जात जळणासाठी मोठ्या प्रमाणावर लावली गेली. तिची कोवळी पानं निळसर, पांढरट भुकटी लावल्यासारखी दिसतात. तेल काढलं जाऊ लागलं ते तिच्यापासून. म्हणून तेलालाही आणि झाडालाही आपण डोंगराचंच नाव दिलं. डोंगराला झाडावरून नाव पडलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण निलगिरी हे डोंगराचं नाव या झाडापेक्षा खूप जुनं आहे.

आता बांधाकडे या. कर्नाटकात गावोगावी सरकारी जमिनीवर, माळावर, शेताच्या कडेला जी निलगिरी लावली गेली ती बहुतेक 'म्हैसूर गम'. तिचं लाकूड कागदासाठी, बांधकामाच्या बल्ल्यांसाठी, जळणासाठी. दांडेलीचा कागद कारखाना आपल्यापासून लांब नाही. तोडलं की उसाच्या खोडव्यासारखं बुंध्यातून पुन्हा फुटतं, त्यामुळे शेतकऱ्याला ती परवडली. जमिनीतलं पाणी ती ओढते अशा तक्रारी वाढल्या आणि २०१७ साली कर्नाटक सरकारने नव्याने निलगिरी लावण्यावर बंदी घातली. तेल हा त्या लागवडीचा हेतू कधी नव्हताच. बाटलीतलं तेल उटीच्या झाडाचं, बांधावरचं झाड नंदी हिल्सचं, आणि दोघांना नाव एकच.

भट्टीत काय होतं

उटीच्या बाजूला रस्त्यापासून आत, झाडीत, पत्र्याच्या शेडमध्ये तेलाच्या भट्ट्या असतात. एकदा अशा एका भट्टीसमोर मी अख्खी सकाळ उभी होते. माणसाच्या उंचीचं गोल भांडं, त्यात तळाशी पाणी, वर जाळी आणि जाळीवर पायाने तुडवून दाबून भरलेली पानं. झाकण बसवलं की फटी चिकणमातीने लिंपतात, आपल्याकडे काकवीच्या वेळी चुलवाणाला मातीचा हात फिरवतात तशा. झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या हौदातून वेटोळे घेत जाते. खाली जाळ कशाचा, तर आदल्या दिवशीच्या तेल काढून झालेल्या, वाळलेल्या पानांचा. पान स्वतःच्याच भावंडांच्या जाळावर शिजतं.

यातली गंमत शास्त्राची आहे. निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक १७६ अंशांना उकळतो. पाणी तर १०० अंशांनाच उकळतं. मग ते तेल वाफेबरोबर येतंच कसं? उत्तर असं की पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघंही आपापली वाफ स्वतंत्रपणे देतात आणि दोघांच्या वाफांचा जोर एकत्र होऊन हवेच्या दाबाला भिडतो. एकट्याने जे वजन उचललं नसतं ते दोघांनी मिळून उचललं. त्यामुळे १०० अंशांच्या आतच तेल पाण्याच्या वाफेसोबत निघून येतं, करपत नाही, मोडत नाही. भाताच्या झाकणावर आतून थेंब जमतात ना, तसं हौदातल्या गार नळीत ही वाफ पुन्हा द्रव होते आणि दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या भांड्यात ठिबकते. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. वरून काढून घ्यायचं. 'ग्लोब्युलस'च्या १०० किलो पानांतून साधारण एक-दीड किलो तेल मिळतं. त्या बाटलीत किती झाडं मावलेली असतात याचा मग अंदाज येतो, आणि खरं सांगते, तेव्हापासून मी ते तेल सांडू देत नाही.

घरातल्या पातेल्यात पानं उकळताना हेच घडतं. फक्त नळी नसते आणि पानं मूठभर असतात. म्हणजे पानांचा वाफारा तेलाच्या थेंबांपेक्षा खूपच सौम्य. ही काही वाईट गोष्ट नाही.

वासाचा मालक कोण

कापरासारखा गार वास येतो तो 'सिनिऑल' नावाच्या रेणूचा. त्याचं दुसरं नाव युकॅलिप्टॉल. औषधी निलगिरी तेलात तो भरपूर हवा. युरोपच्या औषधकोशात तो किमान ७० टक्के असावा असा नियम आहे. उटीच्या 'ग्लोब्युलस'ला हे जमतं. ऑस्ट्रेलियातल्या 'ब्लू मॅली' नावाच्या झुडूपवजा जातीत तर तो ८० टक्क्यांच्याही वर जातो.

'म्हैसूर गम' हा संकर असल्याने त्याचं तेल झाडागणिक बदलतं. बियांपासून वाढवलेल्या आंब्याचं प्रत्येक झाड जसं वेगळं निघतं, तसंच. काही झाडांत सिनिऑल बऱ्यापैकी, काहींत पाईनच्या झाडासारखा वास देणारे 'पायनिन' हे रेणू अधिक. टर्पेंटाइनमध्येही मुख्यतः पायनिनच असतात. आजीला आलेला तो रंगकामाचा वास म्हणजे तिच्या नाकाने केलेलं रासायनिक पृथक्करण होतं, आणि ते चुकलं नव्हतं.

तिसरी एक निलगिरी आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात दिसते. तिची साल गुळगुळीत, पांढरट-गुलाबी, आणि पान चुरगळलं की झणझणीत लिंबाचा वास. 'सिट्रिओडोरा'. वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये तिला निलगिरीच्या गोत्रातून काढून 'कोरिंबिया' या शेजारच्या गोत्रात नेऊन बसवलं. तिच्या तेलात सिनिऑल जवळपास नसतोच. असतो तो 'सिट्रोनेलाल', जो डासांसाठीच्या गवती तेलांत असतो. चोंदलेल्या नाकासाठी कुणी हे तेल आणलं तर वास छान येईल, पण हवा तो परिणाम येणार नाही.

झाड तेच असलं तरी तेल वेगळं निघू शकतं, हे दालचिनीवरून चटकन कळतं. दालचिनीच्या सालीच्या तेलाचा वास दालचिनीचा. त्याच झाडाच्या पानाच्या तेलाला वास येतो लवंगेचा, कारण पानात 'युजेनॉल' असतं. दालचिनीचं पान चुरगळून बघा, नाक लगेच लवंग ओळखेल.

शिवाय व्यापाराची एक बाजू आहे. आज जगातल्या निलगिरी तेलाच्या व्यापारात चीन सर्वांत पुढे आहे, आणि तिथून येणाऱ्या अशा तेलातला मोठा भाग निलगिरीच्या पानांतून येतच नाही; कापराच्या जातीच्या झाडांपासून सिनिऑल वेगळा काढून तो 'युकॅलिप्टस ऑइल' म्हणून विकला जातो. रेणू तोच असल्याने त्यात धोका नाही, पण बाटलीवर पानाचं चित्र आहे म्हणून आत पानच आहे असं धरून चालू नये. बाटलीवर 'युकॅलिप्टस ग्लोब्युलस' असं पूर्ण नाव आणि सिनिऑलची टक्केवारी लिहिलेली असेल तर ती बाटली घ्या. नुसतं 'शुद्ध निलगिरी' लिहिलेल्या बाटलीतून तुम्हाला काहीच कळत नाही.

वास औषध कसा होतो, आणि किती

'अरोमाथेरपी' हा शब्द जुना वाटतो, पण तो एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने रूढ केला. रेने-मॉरिस गातफॉसे. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याचे हात भाजले, जखमा चिघळल्या, आणि लव्हेंडरच्या तेलाने त्या आटोक्यात आल्या असं त्याने नोंदवलं. १९३७ मध्ये त्याने या विषयावर याच नावाचं पुस्तक काढलं. सुगंधाने बरं करायची कल्पना मात्र याहून कितीतरी जुनी. आपल्याकडे ऊद, धूप, वेखंडाची धुरी आहेच. युरोपात तर शतकानुशतकं असा समज होता की रोग घाणेरड्या हवेतून येतात. 'मलेरिया' या शब्दाचाच मूळ इटालियन अर्थ 'वाईट हवा'. म्हणून एकोणिसाव्या शतकात इटली आणि अल्जेरियातल्या दलदलींत निलगिरी लावली गेली, तिच्या वासाने हवा शुद्ध होईल म्हणून. काही ठिकाणी हिवताप कमी झालाही. पण झाडांनी दलदलीचं पाणी शोषलं, डासांची डबकी आटली, त्याचा हा गुण. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधला आणि वासाचं श्रेय गळून पडलं. माझ्या मते निलगिरीबद्दलच्या बऱ्याच समजुती अजून त्याच वळणावर अडकलेल्या आहेत. वास तीव्र, म्हणजे औषध जबरदस्त, असं आपल्याला वाटतं.

नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं त्याचंच घ्या. आपल्या नाकात गारवा ओळखणारे संवेदक असतात. मेंथॉल आणि सिनिऑल त्यांना चेतवतात, आणि मेंदूला वाटतं की गार, मोकळी हवा आत येते आहे. मेंथॉलच्या बाबतीत मोजून पाहिलं गेलं आहे: माणसाला मोकळं वाटतं, पण नाकातून जाणारी हवा मात्र वाढलेली नसते. हा फसवा परिणाम आहे म्हणून निरुपयोगी नाही. रात्री नाक चोंदून झोप न येणाऱ्या माणसाला मोकळं वाटणं हीच मोठी गोष्ट असते. फक्त त्याने सर्दी लवकर बरी होते असं म्हणू नये. वाफाऱ्याच्या अभ्यासांचे एकत्र आढावे घेतले गेले, त्यातही सर्दीवर ठाम फायदा दिसलेला नाही.

याच्या पलीकडे सिनिऑलला स्वतःचं काम आहे. तो सूज उतरवतो, कफ पातळ करतो. जर्मनीत २००४ मध्ये सायनसच्या १५२ रुग्णांवर चाचणी झाली. दिवसातून तीन वेळा २०० मिलिग्रॅम सिनिऑल घेणाऱ्यांना सात दिवसांत इतरांपेक्षा स्पष्ट आराम पडला. २००९ मध्ये फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या २४२ रुग्णांनी हिवाळ्यात सहा महिने त्याच प्रमाणात तो घेतला, तेव्हा त्यांचा आजार उफाळण्याचं प्रमाण कमी झालं. पण इथे नीट लक्ष द्या. हे मोजून भरलेले, आतड्यात जाऊन विरघळणारे कॅप्सूल होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले. वाफाऱ्यातल्या दोन थेंबांना या चाचण्यांचा आधार देता येत नाही, आणि बाटलीतलं तेल चमच्याने घेण्याला तर मुळीच नाही. कुठलं पान, किती, कुणाला, या प्रश्नांवर रीतसर काम होणं किती गरजेचं आहे हे इथे कळतं. बेळगावच्या नेहरूनगरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकावरची राष्ट्रीय संस्था याच विषयात काम करते, याचा मला अभिमान वाटतो.

घरात वापरायचं तर असं. अंगाला चोळायचं असेल तर तेल कधीही थेट लावू नका. दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दहा-बारा थेंब पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा, लाल होत नाही ना. भातलावणीनंतर आखडलेल्या कंबरेला असं चोळलं की ऊब येते, बरं वाटतं. त्यातला निम्मा गुण चोळणाऱ्या हाताचा असतो आणि तोही खराच. वाफाऱ्याला मोठ्यांसाठी एक-दोन थेंब, डोळे मिटून, भांडं चुलीवरून उतरवून स्थिर जागी ठेवून. वाफाऱ्यात सगळ्यात मोठी इजा होते ती उलटलेल्या गरम पाण्याने. हे तेल पेट घेतं. लाईट गेल्यावर कंदील किंवा समई जवळ ठेवून बाटली उघडू नका. दम्याच्या काही रुग्णांना तीव्र वासानेच धाप लागते, त्यांनी जपून. फिट येणाऱ्यांनी तर लांबच राहावं. बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निलगिरी आणि कापूर असलेल्या तेला-बामांनंतर फिट आलेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. आणि डब्यावर चिकटलेल्या स्टिकरचा गोंद काढायचा असेल, तर निलगिरीइतकं चांगलं काही नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले ती. दोन पावसाळ्यांपूर्वी माझा भाचा अकरा महिन्यांचा होता. सर्दीने रात्रभर किरकिरत होता. आजीने मायेने त्याच्या नाकाखाली निलगिरीचं बोट फिरवलं. "थोडंसंच लावलंय की गे," असं ती म्हणेपर्यंत बाळाने श्वास घेणं थांबवलं होतं. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही. माझ्या बहिणीने त्याला उचलून ओल्या फडक्याने नाक पुसलं, मोकळ्या हवेत अंगणात नेलं, आणि तो रडला. ती चार-पाच सेकंदं असतील. दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं: लहान बाळाच्या नाकाशी सिनिऑल, मेंथॉल किंवा कापूर तीव्र प्रमाणात गेला की श्वासनलिकेचं तोंड आपोआप आवळू शकतं, श्वास मंदावू शकतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या चेहऱ्याजवळ, नाकाजवळ, छातीवर हे तेल लावू नये. उशीवर थेंब नको, गळ्यात बांधलेल्या रुमालावर नको. बाळाचं नाक चोंदलं तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब आहेत, तेवढेच.

आजी त्या रात्री झोपली नाही. तिने आयुष्यभर जे केलं, तिच्या आईने जे केलं, तेच केलं होतं. दोष तिचा नाही. ते तेल काय आहे हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पान खाऊ नये म्हणून झाडाने केलेला पदार्थ आपण शंभर किलो पानांतून एक-दीड किलोवर आणून बाटलीत भरतो. चार-पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, पोटात गेला तर मोठ्या माणसालाही गंभीर विषबाधा होऊ शकते; मुलांना त्याहून कमी पुरतं. तोंड-घसा जळणं, उलटी, मग पेंग, फिट. कधी काही मिनिटांत, कधी काही तासांनी. मुलाने तेल प्यायलं असेल तर ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, कारण ते फुप्फुसात गेलं तर जास्त घातक. बाटली हातात घ्या आणि थेट दवाखाना गाठा. बाटली बरोबर असली की काय आणि किती गेलं हे डॉक्टरांना कळतं. आमची बाटली तेव्हापासून फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात असते, खोकल्याच्या औषधापासून लांब.

यंदा चैत्रात बांधावरची निलगिरी तोडली, मधल्या गल्लीत कुणाचा तरी स्लॅब होता, बल्ल्या हव्या होत्या. पावसाच्या पहिल्या सरीला प्रत्येक बुंध्यातून लालसर फूट आली. आजी आणि मी ओळीने प्रत्येक बुंध्याचं एकेक पान चुरगळून हुंगत गेलो. पहिल्याचा वास टर्पेंटाइनचा. दुसरा, तिसरा तसाच. चौथ्याला काहीच नाही. सहाव्या बुंध्याचं पान नाकाशी धरून आजी थांबली, पुन्हा हुंगलं, मला हुंगायला दिलं. कापरासारखा, गार. त्या बुंध्यावर तिने चुन्याचं बोट ओढून ठेवलं आहे.